मिल्काची अंघोळ

विरारच्या बोळिंजमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, मिल्का दिघोडकर शुक्रवारी पहाटे गेली. तिचा नवरा सॅमी तिच्या उशाशी बसला होता. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हिला अंघोळ कोण घालणार?

यावरून सॅमीला कुणी दगडाच्या काळजाचा समजू नये. रडायला त्याला पुढे उभं आयुष्य होतं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते फार लांब नसलं तरी रडण्यापुरतं पुष्कळ होतं. अंघोळीला मात्र वेळ नव्हता. दिघोडकर म्हणजे बेने इस्राएली, कोकणातले ज्यू. आडनावाला गाव, घरात मराठी, शनिवारी कामाला सुट्टी. त्यांच्यात माणूस गेलं की शक्यतो त्याच दिवशी मातीत जातं, आणि त्याआधी त्याला रीतसर अंघोळ घालतात. पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बायका. सख्खा नवरा असला तरी त्याने बायकोच्या त्या अंघोळीला आत पाऊल टाकायचं नाही. शुक्रवारी सूर्य बुडाला की सब्बाथ, म्हणजे शनिवारची ती सुट्टी, लागतो, मग रविवारपर्यंत दफन नाही. आणि भाईंदरपासून विरारपर्यंत ही अंघोळ घालणारी बाई एकच उरली होती. ती आत्ता त्याच्यासमोर चादरीखाली होती.

एकतीस वर्षं मिल्का हे काम करत आली. कुणाकडून फोन आला की ती हातातलं काम टाकून निघायची. सॅमी सातिवलीच्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपांचा फिटर होता. तो अर्धी रजा टाकायचा, स्कूटर काढायचा आणि तिला वसई, नालासोपारा, मीरा रोड, जिथे असेल तिथे पोचवायचा. ती दोघीतिघींना घेऊन आत जायची, दार लागायचं, आणि सॅमी बाहेर स्टुलावर बसून पुस्तकातली स्तोत्रं वाचायचा. दाराबाहेर बसून बसून त्याला आतलं सगळं पाठ झालं होतं. आधी कोमट पाण्याने अंग धुणं, उजवी बाजू आधी, डावी नंतर. नखं. केस. मग शेवटचं पाणी. त्या शेवटच्या पाण्याला तीन बादल्या लागतात आणि त्यांची धार अखंड असावी लागते. पहिली बादली संपायच्या आत दुसरीची धार सुरू, दुसरी संपायच्या आत तिसरीची. मध्ये क्षणभर जरी धार तुटली, तरी पुन्हा पहिल्यापासून.

मिल्का याबाबतीत फार खट होती. नालासोपाऱ्याला एका म्हातारीच्या वेळी तिने तीनदा पाणी भरायला लावलं होतं. घरचे वैतागले, बाहेर पुरुषमंडळी घड्याळं बघायला लागली, पण ही ढिम्म. घरी येताना सॅमी म्हणाला, "अगं, कुणाला कळणार होतं?" तर मागच्या सीटवरून उत्तर आलं, "तिला बोलता येत नाही म्हणून काय तिला फसवायचं?" त्या दिवशी सॅमी रात्री गपचूप जेवला.

हळूहळू तिच्या हाताखालच्या बायका पांगत गेल्या. हन्ना इस्राएलमध्ये अश्दोदला गेली, रिबका दिमोनाला, एक टोरांटोला मुलीकडे, एक मेलबर्नला. जगाच्या नकाशावर जिकडे बोट ठेवावं तिकडे मिल्काची एकेक शिष्या होती, आणि विरारमध्ये कोणी नव्हती. अश्दोदमध्ये तर म्हणे एका गल्लीत इतके बेने इस्राएली, की कुणी गेलं तर अंघोळीला बायकांची रांग लागते. मुलगा रूबेनही तिथेच. पाच वर्षं तो फोनवर एकच पालुपद लावून होता, "आता या तुम्ही दोघं." मिल्का तयार होती. तिने दोनदा बॅगासुद्धा काढल्या. सॅमी हलला नाही. तिकडची भाषा येत नाही, तिकडचा मासा चवीला नाही, तिकडे मला कोण ओळखतं, अशी त्याची एक ना दोन कारणं. शेवटी तिने विचारलं होतं, "अहो, पण मला अंघोळ कोण घालणार?"

"मी तुझ्याआधी जाणार," सॅमी म्हणाला होता. "मला घातली की मग जा तू अश्दोदला."

तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हृदयात दोन स्टेंट. हिशेब सरळ होता. मिल्का हसली होती, आणि बॅगा परत माळ्यावर गेल्या होत्या. आज तो हिशेब सॅमीच्या अंगावर कोसळला होता. तिने साठसत्तर बायकांना जसं चोख पाठवलं तसंच तिलाही पाठवायचं, एवढंच आता त्याच्याकडून व्हायचं राहिलं होतं.

डॉक्टर येऊन कागद देऊन गेले तोवर नऊ वाजले. सॅमीने फोन सुरू केले. ठाण्याच्या सिम्हाबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. "मी इथल्या कब्रस्तानात येते सॅमीभाऊ, पण एका हाताने काय करू? मुंबईतल्या कुणी मिळतात का बघते. पण त्यांच्या भरवशावर राहू नका, तिकडेच घालून निघा. विरारहून इथे यायलाच दोन तास जातात." मुंबईत हे काम करणाऱ्या दोघी होत्या, त्या फोन उचलेनात. मग त्याने अश्दोदला हन्नाला लावला. तिकडे जेमतेम उजाडलं होतं. ती आधी खूप रडली. मग म्हणाली, "व्हिडिओ लावा. शेजारणींना उभं करा, मी इथून सांगते."

"नाही," सॅमी म्हणाला. "मिल्काने कधी कुणाचं अंग परक्या नजरेला पडू दिलं नाही. मी तिला फोनवर दाखवू?"

हन्नाने नाक ओढलं. मग म्हणाली, "मग तुम्हीच सांगा दाराबाहेरून. मी आत जितकी वर्षं होते त्याच्या दुप्पट वर्षं तुम्ही बाहेर बसला आहात."

शेजारणी म्हणजे कोण? समोरच्या घरातली अनुष्का, पंचविशीची, घरातूनच लॅपटॉपवर नोकरी करणारी, जिने आजवर मेलेलं माणूस पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरची ब्रेंडा, इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. ती न बोलावता हातमोजे घेऊनच वर आली. आणि वटारची यशोदाबाई. गेली वीस वर्षं ती आपल्या वाडीतली केळी आणि भाजी घेऊन इमारतीखाली बसायची, आणि टोपली रिकामी झाली की वर मिल्काकडे चहाला यायची. दोघींच्या गप्पा इतक्या रंगायच्या की सॅमीला स्वतःचा चहा स्वतः करून घ्यावा लागे. आज ती भरली टोपली खाली तशीच टाकून जिना चढून आली, कारण लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता.

सॅमीने तिघींना काय हवं ते सांगितलं. अनुष्का पांढरी पडली, पण "येते मी अंकल" म्हणाली. ब्रेंडाने नुसती मान हलवली. यशोदाबाई मात्र दारातच थबकली.

"भाऊ, मी बिनकुंकवाची. मिल्काबाई तर सवाष्ण गेल्या. माझा हात चालंल?"

"आमच्यात चालतो."

"नक्की? मागून कोन बोलायला नको."

"आमच्यात गेलेल्या बाईला एकच पांढरं कापड असतं, यशोदाबाई. सवाष्ण असो, विधवा असो, राणी असो. हात लावणाराही कसा आहे ते कुणी विचारत नाही."

हे शेवटचं वाक्य तितकंसं खरं नव्हतं. हात बेने इस्राएली असावा लागतो. पण वेळच अशी होती की सॅमीने नियमाची ती बाजू गिळून टाकली, आणि मिल्कानेही गिळली असती असं स्वतःला सांगितलं.

सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाची लांब फळी वर आणली. सॅमीने मागच्या खोलीत ती विटांवर ठेवली आणि एका टोकाला एक वीट जास्त लावली, म्हणजे पाणी वाहून सरळ बाथरूममध्ये जाईल. हे काम त्याने इतकं मन लावून केलं की फळी हलवून हलवून तीनदा पाहिली. मग तिघींनी मिल्काला फळीवर ठेवलं, आणि सॅमी बाहेर आला. दार लागलं. त्याने स्टूल ओढलं आणि नेहमीच्या जागी, दाराच्या डाव्या हाताला बसला. हातात पुस्तक होतं, पण अक्षर दिसत नव्हतं.

"आधी मंगळसूत्र काढा," तो म्हणाला. "बांगड्या. अंगावर काही ठेवायचं नाही."

दार चार बोटं उघडलं आणि ब्रेंडाच्या हातातून मंगळसूत्र बाहेर आलं. सॅमीने ते खिशात टाकलं.

"आता कोमट पाणी. सगळं अंग एकदम उघडं करायचं नाही. जेवढं धुवाल तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं. उजवी बाजू आधी."

आतून पाण्याचा आवाज यायला लागला. ब्रेंडा मध्येमध्ये "झालं, पुढे?" असं विचारायची. यशोदाबाई मिल्काशी बोलत होती. हात इकडे करा, मान जरा वळवू द्या, पानी गार नाय ना, असं काहीबाही, जणू मिल्का तापाने पडली आहे. सॅमीला त्या बोलण्याचा आधार वाटला. मिल्कासुद्धा आत असंच बोलायची.

बारा वाजून गेले. केस धुऊन झाले. त्या इमारतीला पाणी सकाळी पाऊण तास येतं आणि संध्याकाळी टँकर आला तर येतं. घरातले दोन्ही ड्रम आता तळाला गेले होते. शेवटच्या पाण्यासाठी सॅमीने तीन बादल्या आधीच काढून ठेवल्या होत्या.

"आता नीट ऐका," तो म्हणाला. "डोक्यापासून पायापर्यंत ओतायचं. ब्रेंडा पहिली, मग यशोदाबाई, मग अनुष्का. एकीची संपायच्या आत दुसरीची सुरू झाली पाहिजे. धार तुटू द्यायची नाही. मी बाहेरून 'तेहोरा ही' म्हणेन. म्हणजे ती शुद्ध आहे. तीनदा."

"आणि तुटली तर?" अनुष्काने विचारलं.

"तर पुन्हा."

पहिल्या खेपेला अनुष्काच्या हातून बादली सुटली. फरशीवर जो आवाज झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. आत ती मुलगी हुंदके द्यायला लागली. सॅमी तिला रागावला नाही. तो उठला आणि शेजारची दारं वाजवत फिरला. प्रत्येक घरात शुक्रवारचं पाणी तेवढ्यास तेवढंच होतं. कुणी अर्धी बादली दिली, कुणी दोन कळशा, एका घरातून पिण्याचं पाणी आलं. तीन बादल्या कशाबशा भरल्या. तोवर अडीच वाजले होते आणि खाली शववाहिनीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला होता.

सॅमी पुन्हा स्टुलावर बसला. या वेळी त्याने डोळे मिटले. चाळीस वर्षं तो पंपाच्या पाइपाला कान लावून जगला होता. कुठे हवा शिरली, कुठे पाणी अडलं, हे त्याला मीटर न बघता कळायचं. कारखान्यात पोरं त्याची गंमत करायची, की सॅमीशेठ नळाशी बोलतात.

"सुरू करा."

ब्रेंडाची धार सुरू झाली. जाड, एकसारखी. सॅमी म्हणाला, "तेहोरा ही." बादली उतरत गेल्याचं त्याला आवाजावरून कळत होतं. आता, आता दुसरी, असं तो मनात म्हणाला. यशोदाबाईने बादली उचलल्याचं तिच्या लुगड्याच्या सळसळीतून कळलं. ब्रेंडाची धार बारीक झाली, थेंबांवर आली, संपली. मग काहीच नव्हतं. पंप एक चक्कर चुकतो, तेवढाच वेळ. आणि मग यशोदाबाईची धार पडली.

सॅमीचे ओठ आपोआप हलले. "तेहोरा ही." अनुष्काची बादली या खेपेला वेळेवर सुरू झाली, अगदी मिल्काने सुरू करावी तशी. "तेहोरा ही," सॅमी तिसऱ्यांदा म्हणाला.

आत शांतता झाली. मग यशोदाबाईचा धापा टाकणारा आवाज आला. "भाऊ, नीट झालं ना?"

ती तुटलेली धार त्या तिघींच्या कानावर गेली नव्हती. मजल्यावर कुणाच्या घरात आता तांब्याभर पाणी मागायची सोय नव्हती. खालून हॉर्न वाजला. सॅमीने दाराकडे पाहिलं.

"झालं," तो म्हणाला.

पांढरं कापड गुंडाळून मिल्काला खाली आणलं, आणि शववाहिनीत सॅमीसोबत यशोदाबाई आली. ब्रेंडा आणि अनुष्का मागे राहिल्या, खोली आवरायला. यशोदाबाईच्या लुगड्याचा काठ अजून ओला होता. घोडबंदरच्या रस्त्याला गाड्या तुंबल्या होत्या. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "भाऊ, सतरा वर्षं झाली हे गेले त्याला. सुनेच्या डोहाळजेवणाला मी आतल्या खोलीत बसून होते. नातवाच्या बारशाला पाळन्याला हात लावला नाय. कोन नको म्हनत नाय, पन मीच मागं सरते. आज मिल्काबाईंनी लावू दिला हात. एवढी मोठी बाई." तिने पदराने डोळे पुसले.

ठाण्याच्या कब्रस्तानात पोचले तेव्हा पाच वाजले होते. सूर्य बुडायला दीड तासाहून जास्त होता. फाटकाशी सिम्हाबाई उभ्या होत्या, हात गळ्यात बांधलेला, आणि त्यांच्या बाजूला दोन अनोळखी बायका. सकाळी फोन न उचलणाऱ्या त्याच दोघी, टॅक्सी करून भायखळ्याहून आल्या होत्या. कोपऱ्यातल्या अंघोळीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ओट्याजवळ तीन भरलेल्या बादल्या मांडून ठेवलेल्या सॅमीला दिसल्या.

"कुणी घातली?" सिम्हाबाईंनी हलकेच विचारलं.

"शेजारणींनी. ह्या यशोदाबाई, आणि आणखी दोघी."

सिम्हाबाईंनी यशोदाबाईकडे पाहिलं, तिच्या ओल्या काठाकडे पाहिलं. त्या कडक बाई होत्या, पण वाईट नव्हत्या. "अशी वेळ आली तर हात कुणाचेही असोत," त्या म्हणाल्या. "पण धार? धार तुटली नाही ना? आम्ही तिघी आहोत, पाणी आहे, वेळ आहे. जराही शंका असली तर सांगा. पुन्हा घालू, नीट."

सॅमीच्या घशाशी 'हो' आलं. एकच अक्षर. मिल्का इथे असती तर तिने क्षणाचाही विचार केला नसता. बादली उचलून मोकळी झाली असती. साठसत्तर बायकांपैकी एकीलाही तिने तुटल्या धारेने पाठवलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिला जे हवं होतं ते त्याने दिलं नाही. आता तेच, तिच्याच माणसांच्या हातचं, दहा पावलांवर भरून ठेवलं होतं.

यशोदाबाई त्याच्या शेजारी उभी होती. तिला सिम्हाबाईंचं बोलणं अर्धंमुर्धं कळलं असावं. ती एकदा बादल्यांकडे बघत होती, एकदा सॅमीकडे. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. ती एक पाऊल मागे सरली.

"नाही," सॅमी म्हणाला. "नाही तुटली."

"मग प्रश्नच मिटला." सिम्हाबाईंचे डोळे भरून आले. "मिल्का नेहमी सांगायची, आमच्या ह्यांच्या कानाला फसवता येत नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे झालं."

बायकांपैकी एकीने बादल्यांतलं पाणी मोरीत ओतून दिलं. तेवढ्यात ठाण्याची पुरुषमंडळी आली, प्रार्थना झाली, आणि मिल्काला खाली उतरवलं. पांढऱ्या कापडात ती फार लहान दिसत होती. कुणीतरी रूबेनला फोन लावून धरला होता. त्यातून त्याचा रडण्याचा आवाज येत होता. सॅमीच्या हातात फावडं दिलं. त्याने तीनदा माती लोटली. तिसऱ्या खेपेला त्याला फावडं धरवेना, तेव्हा यशोदाबाईने पुढे होऊन त्याचा कोपर धरला.

"आता माफी मागा," सिम्हाबाई म्हणाल्या. "तिचं नाव घेऊन. मोठ्याने म्हणा, मनात नको."

सॅमीने खाली पाहिलं. पन्नास वर्षांच्या संसारात माफी मागण्यासारखं किती साचलं होतं, आणि त्यातल्या किती गोष्टी तिने न मागताच सोडून दिल्या होत्या, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण आज दोनच राहिल्या होत्या.

"मिल्का," तो म्हणाला. आवाज फाटला, तरी त्याने तो वर काढला. "तू म्हणत होतीस तेव्हा तुला अश्दोदला न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. मला माफ कर."

सगळे थांबले. त्याचे ओठ अजून हलत होते, म्हणून सिम्हाबाईंनी वाट पाहिली. "आणखी काही असलं तर तेही म्हणा," त्या म्हणाल्या. "आत्ताच म्हणायचं असतं."

सॅमीने तोंड उघडलं आणि मिटलं. यशोदाबाई त्याचा कोपर धरून अगदी जवळ उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच."